चैत्रातला पूर

फार वर्षांपूर्वी प्रतिष्ठान नगरीत सुबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका गाडीवानाच्या घरी जन्मला आणि पुढे धनगुप्त नावाच्या व्यापाऱ्याचा कारभारी झाला. त्या पेढीवर वाटखर्चाची एक रीत होती. परतलेल्या गाडीवानाने गाडीच्या जुवावर हात ठेवून खर्च सांगायचा आणि कारभाऱ्याने तेवढ्यावर तो चुकता करायचा. साक्ष कुणी मागत नसे. मात्र वाटेत स्वतःचे गाव लागले तरी घरी मुक्काम करायचा नाही, असा धनगुप्ताचा कडक नियम होता.

एकदा चैत्र सरता सरता भद्रक नावाचा गाडीवान शूर्पारकाहून मीठ घेऊन एकटाच परतला. जुवावर हात ठेवून म्हणाला, "कारभारी, कुंदेला पूर होता. चार दिवस काठावर अडकलो. तेवढ्या दिवसांची वैरण आणि होडीचं भाडं मिळावं."

त्या वेळी पेढीवर असलेल्या इतर कुणी कुंदा नदी पाहिलेली नव्हती. बोधिसत्त्व मात्र तिच्याच काठचा. चैत्रात बायका तिच्या वाळूत झिरे खणतात आणि वाटीवाटीने घागर भरतात, हे त्याला ठाऊक होते. गाडी हाकणे सोडल्यापासूनच्या अठरा वर्षांत तिचे नाव त्याच्या कानावर आले नव्हते. खोटे ऐकत असूनही त्याचा जीव कासावीस झाला. याने नदीबद्दल आणखी थोडे बोलावे, असे त्याला वाटत राहिले.

"उतारावरचा उंबर आहे का रे अजून?" त्याने विचारले.

भद्रकाचा हात जुवावरून खाली आला. "तुम्ही तिकडचे?"

"तिकडचाच. या दिवसांत तिथं पाऊलही बुडत नाही."

भद्रकाला रडू फुटले. खोटे सांगायलाही त्या बापड्याला घरासमोरचीच नदी सुचली होती. "मुलगी झालीय मला," तो म्हणाला. "दोनदा दारावरून गाडी हाकली, थांबलो नाही. या खेपेला राहवलं नाही. तीन दिवस ती मला बघून रडत होती. चौथ्या दिवशी बोट धरलं, आणि मी निघालो."

पैसे देऊन गप्प बसणे बोधिसत्त्वाला सोपे होते. तसे त्याने केले नाही. त्याने भद्रकाला धनगुप्तापुढे उभे केले आणि घडले ते सगळे सांगितले.

"हाकलून दे त्याला!" धनगुप्त कडाडला.

"खर्च देऊ नये, श्रेष्ठी. पूर खोटा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "पण घरी गेलो असं सांगायची सोय आपण ठेवली नाही. त्याला कामावर राहू द्या. पुन्हा खोटं बोलला तर माझंही काम काढून घ्या."

"मोठा कैवार घेतोस! तुझं गाव तिथंच ना? तू कधी खोटं बोललास?"

"नाही. गाडीवान होतो तेव्हा मी नियम पाळला. आई दारात उभी दिसायची. हात करून पुढं जायचो. एका खेपेला दार बंद होतं."

ते ऐकून धनगुप्ताने भद्रकाला कामावर ठेवले. वाटेत गाव लागले तर गाडीवानाने दोन दिवस घरी राहावे, वैरण पेढीची, असेही ठरवले. त्यानंतर त्या जुवावर हात ठेवून माणसे निःसंकोच सांगू लागली, "दोन दिवस घरी होतो."

ही कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनगुप्त म्हणजे या विहाराचे वृद्ध स्थविर. कारभारी मी होतो. आणि भद्रक म्हणजे मागे बसलेला तो भिक्षू, जो आज भिक्षेहून उशिरा आला आणि वाटेत चिखल होता म्हणाला."

तो भिक्षू उठला. हात जोडून म्हणाला, "चिखल नव्हता, भगवन्. जुन्या घरावरून गेलो होतो. अंगणात कुणी तरी धान्य पाखडत होतं."

"बैस," शास्ता म्हणाले. "ही सत्य पारमिता, खरेपणाची पूर्णता."