पवळीने दिलेला कडूकंदाचा वसा

ऐक डोंगरमाते, तुझी कहाणी. एक आटपाट नगर. नगरामागे डोंगर, डोंगरावर पाडा. पाड्यावर पवळी नावाची ठाकरीण राहत असे. आषाढ लागला की पाड्यातल्या कणग्या रित्या होत. मग बाया रानात जात, कडूकंद खणीत, वेलाकडचं टोक पुन्हा मातीत पुरीत, आणि भात पिकेपर्यंत लेकरंबाळं त्या कंदावर पोशीत.

नगराच्या राणीची सून गरोदर होती. तिला डोहाळे लागले. दूध नको म्हणे, लाडू नको म्हणे, पक्वान्न नको म्हणे. डोंगरचा कंद हवा म्हणे. राणीनं पवळीला बोलावणं धाडलं. पवळीनं टोपलीभर कंद आणला आणि रीत सांगितली. चकत्या कराव्या, राखेच्या पाण्यात उकडाव्या, तीन दिवस वाहत्या ओढ्यात ठेवाव्या. मग कंद रांधावा. रांधणारीनं पहिला घास आपण खावा, थांबावं, जीभ बरी राहिली तर इतरांना वाढावं.

राणी सोवळ्याची कडक. ज्या ओढ्यावर गुरं पाणी पितात, तिथं सुनेचं अन्न कसं ठेवावं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं कंद चांदीच्या घंगाळात धुतला. एकदा धुतला, दोनदा धुतला, तीनदा धुतला. तुपात परतला, गूळ घातला. नैवेद्याआधी चाखला तर उष्टा होईल, म्हणून कोणी जिभेला लावला नाही. देवाला दाखवला, सुनेला वाढला. एक घास पोटात गेला, तशी सुनेची जीभ चरचरली, घसा सुजला, पाण्याचा घोट उतरेना. तिसऱ्या दिवशी उतार पडला. पोटातलं मूल वाचलं.

राणी संतापली. पवळीनं विष दिलं म्हणाली. मग पाड्याहून रानात जाणाऱ्या खिंडीत काट्यांचं कुंपण घातलं, शिपाई बसवले, कोणी कंद खणू नये अशी दवंडी पिटवली. पाड्यावर चुली थंडावल्या. पवळीची पोरं पेज मागत. पेजेत दाणा नसे.

मग पवळी राजवाड्यावर आली. पहिल्या दिवशी शिपायानं हाकलली. दुसऱ्या दिवशी दासीनं हाकलली. तिसऱ्या दिवशी सुनेनं सज्ज्यातून पाहिली आणि आत बोलावून घेतली.

राणी म्हणाली, "आज कुठलं विष आणलंस?"

पवळी म्हणाली, "राणीबाय, आधी सांग, तुझ्या घरी पहिला घास कुणी खाल्ला?"

"देवाच्या आधी कोण खाईल? उष्टं होतं ते."

"आमच्यात त्याला उष्टं म्हणत नाहीत. खाज सुटायची ती रांधणारीच्या जिभेला सुटावी, लेकराच्या नको. डोंगरमायला ते चालतं. तुला चालत नाही, म्हणून माझी पोरं उपाशी का?"

सून हळूच म्हणाली, "सासूबाई, तो घास तुम्ही खाल्ला असता, तर घरात तीन दिवस शांतता तरी नांदली असती." पवळी पदराआड हसली. मग राणीही हसली.

मग राणी पवळीसंगे ओढ्यावर गेली. आपल्या हातानं उरल्या कंदाच्या चकत्या केल्या, उकडल्या, टोपली प्रवाहात ठेवली, तीन दिवस राखली. चौथ्या दिवशी कंद रांधला. पहिला घास उचलला. आधी आपण खाल्ला. थांबली. जीभ बरी राहिली. मग सुनेला वाढला. सुनेनं पोटभर खाल्ला आणि पुन्हा मागितला.

राणीनं वसा मागितला. पवळी म्हणाली, "तुला पेलेल का? राणी आहेस, विसरशील."

"विसरणार नाही, मिरवणार नाही, घेतलेला वसा सोडणार नाही."

"मग ऐक. आषाढातल्या पहिल्या मंगळवारी रीत जाणणारीला विचारून कंद रांधावा. रांधणारीनं आधी खावा. वेलाकडचं टोक मातीला परत द्यावं. आणि ज्याचं अन्न रानात आहे, त्याची वाट अडवू नये."

राणी उठली, खिंडीत गेली, आपल्या हातांनी काटे उपसले. बोटं रक्ताळली, पण शिपायांना हात लावू दिला नाही. पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन रानात शिरल्या. चार दिवसांनी घरोघर मडक्यांतून वाफ निघाली. प्रत्येक चुलीपुढे एकेक बाई पहिला घास खाऊन, लेकरं भोवती घेऊन, थांबली. मग सगळ्यांना वाढलं.

जशी डोंगरमाता पवळीच्या लेकरांना पावली, तशी तुम्हां ऐकणाऱ्यांच्या लेकरांना पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.