गोलातलं अहो-जाहो

"...पण त्यांनी मागं वळून का नाही बघितलं, मास्तर? मी हाक मारली होती. चांगली स्पष्ट मारली होती."

उजागरे मास्तर बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. खडकीच्या चर्चमागचं ते छोटं मैदान संध्याकाळी त्यांचंच असे. मास्तर एके काळी कारखान्याच्या हॉकी संघाचे गोलकीपर. सगळी जवानी त्यांनी दोन खांबांच्या मध्ये उभं राहून काढली होती. त्या बदल्यात मिळालं होतं एक वाकडं नाक, एक न मिटणारी करंगळी आणि खडकीभर नाव.

समोर उभी होती हेमांगी टिळेकर. कॉलेजच्या संघाची गोलकीपर. अंगावर पॅड, हातात हेल्मेट, आणि चेहरा असा की आता रडते का मग.

पोरगी जात्याच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी जागच्या जागी उडायची. मागून कुणी नुसतं खाकरलं तरी हातातला चहा सांडायची. घरीदारी त्यावरून थट्टा व्हायची. पण गोलात उभी राहिली की त्याच दचकण्याचं सोनं व्हायचं. बॉल आलाय हे डोक्याला कळायच्या आधी पाय फेकला गेलेला असायचा. दचकल्याबद्दल टाळ्या मिळतील अशी सगळ्या जगात तिला ही एकच जागा सापडली होती.

आणि आता तीच हातची जायची वेळ आली होती. सेमीफायनलला एक गोल असा काही बसला, की सामना जिंकूनही संघाच्या सरांनी तिला बाजूला घेतलं. उद्याच्या सरावात पुन्हा असं झालं, तर फायनलला गोलात दुसरी मुलगी.

"माझी चूक नव्हती," हेमांगी म्हणाली. "माझे पाय चुकत नाहीत. शाल्मलीताई फुलबॅक आहेत ना, त्या माझ्या पुढ्यातच उभ्या. बॉल दिसेनाच मला. हाक मारली, तर ढिम्म हलल्या नाहीत."

"काय हाक मारलीस?"

"नेहमीचीच."

"म्हण."

हेमांगीनं घसा साफ केला.

"शाल्मलीताई, तुम्ही जरा डावीकडे सरकता का? मला बॉल दिसत नाहीये."

मास्तरांचा हात शेंगेवर थांबला.

"आणि बॉल?"

"तो... आत गेला."

"कुठल्या शब्दाला?"

हेमांगीनं आठवून पाहिलं. खोटं बोलण्याचा तिला सराव नव्हता.

"...'सरकता'ला."

मास्तरांनी सोललेले दाणे तोंडात टाकले.

"मग काय म्हणायचं होतं?" हेमांगीचा आवाज चढला. "सीनियर आहेत त्या. कॅप्टन आहेत. 'ए' म्हणू? आमच्याकडे नाही असं बोलत. मी आमच्या मोलकरणीलासुद्धा मावशी म्हणते. तुम्ही एवढी वर्षं गोलात उभे राहिलात, तुम्ही काय करत होतात?"

"ओरडत होतो."

"आणि बॉल?"

"तो बाकीचे अडवायचे."

हेमांगीला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. ती हेल्मेट उचलून निघणार, तेवढ्यात मास्तरांनी पलीकडच्या आपल्या घराकडे तोंड करून आवाज दिला. एवढा, की झाडावरचे कावळे उठले आणि हेमांगी वीतभर उडाली.

"मार्थाऽऽ! तुझी स्टिक आण!"

"कुणाला मारायचंय?" आतून काकूंचा आवाज आला.

"मला!"

"आलेच!"

मार्थाकाकू खरोखरच आल्या. पदर खोचलेला, हातात स्टिक आणि पिशवीत बॉल. लग्नाआधी त्या गोल मारणाऱ्या सेंटर फॉरवर्ड होत्या, आणि त्यांच्या चालीकडे बघून वाटत होतं की लग्नानंतरही मनानं त्या तिथंच राहिल्या असाव्यात.

मास्तरांनी हेमांगीला गोलात उभं केलं, गळ्यातला मफलर काढला आणि डोळ्यांवर करकचून बांधला. चाचपडत हेमांगीच्या गोलापुढे जाऊन, तिच्याकडे पाठ करून, भिंतीसारखे उभे राहिले.

"मी तुझा फुलबॅक. मला काही दिसत नाही. मार्था बॉल मारेल. तू मला हलव."

"मास्तर, पॅड तरी घाला!"

"पॅड तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे तू आहेस."

काकूंनी पहिला बॉल हळूच ढकलला.

"मास्तर, तुम्ही जरा..."

ठक्! नडगीवर बसला. मास्तर जागचे हलले नाहीत.

"लागलं का हो?" हेमांगी कळवळली.

"पुढचा."

दुसरा बॉल जरा जोरात आला.

"मास्तर, प्लीज, उजवी..."

ठक्! या वेळी घोट्यावर. मास्तर एका पायावर उभे राहिले, मग सावकाश उजवीकडे सरकले.

"आता सरकलात!"

"आता सांगितलंस."

"बास झालं मास्तर, मला नाही शिकायचं. काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"मी कशाला सांगू?" काकू बॉल पायाजवळ नीट लावत म्हणाल्या. "कितीतरी वर्षांनी असा हलत नसलेला सापडलाय."

"मार्था," मास्तर म्हणाले, "लाड नकोत. मार तुझा नेहमीचा."

काकूंनी बांगड्या मागे सारल्या. स्टिक मागे नेली... खांद्याच्याही वर. त्यांचा चेहराच बदलला. तिथं आता कुणाची बायको नव्हती, काकू नव्हती, नुसती सेंटर फॉरवर्ड होती.

हेमांगीला मास्तरांच्या डाव्या कुशीवरून ती स्टिक खाली येताना दिसली. आणि पुढ्यात म्हाताऱ्याची उघडी पोटरी दिसली. आणि मफलरची ती गाठ.

बॉल सुटला.

हेमांगी दचकली. पण या खेपेला पायाच्या आधी तोंड दचकलं.

"ए थेरड्या! डावीकडे!"

मास्तर डावीकडे गेले. सरकले नाहीत, गेले. त्यांच्या रिकाम्या जागेतून बॉल सणसणत आला आणि हेमांगीचा पाय आपोआप फेकला गेला. बॉल पॅडवर आपटून थेट चर्चच्या कुंपणापाशी जाऊन पडला.

तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं होतं. दोन्ही हातमोजे तोंडावर दाबून ती गोलात पुतळ्यासारखी उभी राहिली. काकूंची स्टिक हवेतच राहिली होती. आपल्या नवऱ्याला हा शब्द त्यांनी मनात पुष्कळदा वापरला असेल, पण चारचौघांत ऐकला तो आजच.

कावळेही परत बसायचे थांबले.

"मास्तर..." हेमांगी हातमोज्यांतूनच पुटपुटली. "मास्तर, मी... तुम्हाला..."

मास्तर पाठमोरेच उभे होते. त्यांनी मफलर काढला नाही. गुडघे थोडे वाकवले, हात पुढे घेतले, आणि म्हणाले,

"ओऽ! ...पुढचा कुठून येतोय?"