उन्हाच्या तीन पेंढ्या

एका राज्यात आश्विन महिना येई, पण आश्विनाचे ऊन येत नसे. सूर्य उगवे, सूर्य मावळे, आणि कापलेले गवत ओले ते ओलेच राही. आज कापावे, उद्या उलथावे, परवा पुन्हा उलथावे, आणि चौथ्या दिवशी खालून काळे पडलेले पाहून कपाळाला हात लावावा. तसेच ओले बांधून रचले, तर गंजी आतल्या आत तापे आणि धुमसून जळून जाई. उभे गवतही मुळातून आंबले होते. ते खाऊन गुरांची पोटे फुगत, आणि फुगलेले जनावर तिसऱ्या दिवशी पाय ताठ करी.

हे सारे राजा चंडकेतूच्या हौसेपायी. एका वर्षी अवकाळी पावसाने त्याच्या घोड्यांचे गवत भिजले. राजा म्हणाला, "ऊनच बांधून कोठारात ठेवा. हवे तेव्हा सोडू." राजा बोले, दळ हाले. काजळनाथ नावाच्या मांत्रिकाने आश्विनाचे ऊन कापले, त्याच्या तीन पेंढ्या बांधल्या, सकाळची, दुपारची आणि तिसऱ्या प्रहराची, आणि कोठाराला कडी घातली. ती कडी पुढे उघडली, पण पेंढ्या सुटल्या नाहीत. जो वीर सोडायला गेला, तो गवताची पेंढी होऊन कोठाराच्या भिंतीशी उभा राहिला. अशा अठ्ठावन्न झाल्या. सात वर्षे लोटली.

त्या राज्याच्या टोकाला ठकू नावाची एकटी बाई राहत होती. बांधाएवढे कुरण, एक विळा, आणि बारा गुरांच्या गोठ्यात उरलेली एक गाय, पवळी. ठकूने घरावर शाकारलेले जुने गवत काडी-काडी काढून पवळीला चारले होते. आता डोक्यावर नुसते वासे होते आणि पवळीचे पोट नगाऱ्यासारखे फुगले होते. मूठभर वाळले गवत पोटात गेले असते तर ती वाचली असती. पण साऱ्या राज्यात मूठभर वाळले गवत नव्हते.

कुरणातून टिटवी बोलली, "ठकू, रडून गवत वाळत नाही."

"मग कशानं वाळतं?"

"ऊन सोडवलेस तर. तुझ्या गाईला तीन दिवस आहेत. जायला एक, यायला एक. मधला एक तुझा."

ठकूने पवळी शेजारच्या बयजाच्या हवाली केली. "बयजे, ऊन पडलं तर पहिली मूठ हिच्या तोंडात घाल."

बयजा म्हणाली, "घालीन गं. पण तू येशील का माघारी?"

ठकू वाटेला लागली. तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

कोठाराच्या दाराशी काजळनाथ बसला होता. दाढी बुरशीने हिरवी झालेली, डोळे खोल गेलेले. तो म्हणाला, "तिन्ही सोडशील तर ऊन मोकळे. एक जरी राहिली, तर सुटलेल्या पुन्हा बांधल्या जातील आणि तू एकोणसाठावी."

"तुम्हीच का सोडत न्हाई?"

"मला येत नाही."

"बांधलं कुणी?"

"मीच. आई गवत कापायची. तिचे पाहून बांधायला शिकलो. सोडायला शिकण्याआधी विद्येच्या मागे लागून घर सोडले." एवढे बोलून तो मान खाली घालून बसला. त्याचीही कीवच यावी, अशी त्याची दशा होती.

ठकू आत गेली. पेंढ्या लखलखत होत्या, पण त्यांना बांधणारा बंद मात्र साध्या गवताचाच होता, पिळून टोक खाली खोचलेला. त्याला गाठ नव्हती. शूर माणसे गाठ शोधत राहिली, ओढत राहिली, आणि ओढला की बंद आवळतो. गवतकरी बाई पेंढी अशी सोडत नाही. ती पेंढीवर गुडघा रोवते, पेंढी दबली की बंद सैल पडतो, आणि टोक आपसूक निघते. पोरगी सात वर्षांची झाली की हे शिकते. सात वर्षांत राजवाड्यातल्या कुणाला एखाद्या गवतकरणीला विचारावेसे वाटले नव्हते.

ठकूने पहिल्या पेंढीवर उजवा गुडघा रोवला. कातडी चरचरली. टोक निघाले, सकाळचे ऊन दारातून बाहेर गेले.

दुसरीवर डावा गुडघा रोवला. दुपारचे ऊन ते. मांस जळल्याचा वास तिला स्वतःला आला. ती ओरडली, पण गुडघा उचलला नाही. ऊन सुटले, आणि ठकू खाली कोसळली.

तिसऱ्या पेंढीसाठी गुडघे उरले नव्हते. ही पेंढी कच्ची बांधलेली होती, तिच्या गाभ्यात ओल्या गंजीसारखी धग साठली होती. ठकूला वाटले, आता पुरे. कुणासाठी मरायचे? नवरा नाही, मूल नाही, एक गाय, तीही मरणाच्या दारात. मग तिला वाटले, पवळी दाराकडे बघत असेल. ती सरपटत गेली, छाती टेकून पेंढीवर पडली आणि दातांनी टोक ओढून काढले.

ऊन मोकळे झाले. अठ्ठावन्न पेंढ्यांची माणसे झाली. काजळनाथाच्या दाढीची बुरशी वाळून गळाली, आणि तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला. वीरांनी ठकूला खाटेवर घालून गावी नेले. वाटेत दोहो अंगांना गवत वाळत होते. त्याचा गोड वास येत होता. सात वर्षांनी आला होता तो वास.

कुरणाशी बयजा उभी होती. तिचे तोंड पाहूनच ठकूला कळले.

"पहाटे गेली गं. मूठ नाकाशी धरली होती मी. वास घेतला तिनं. चांगला लांब वास घेतला. पण तोंड उघडलं न्हाई."

ठकू कुरणाकडे पाहून एवढेच म्हणाली, "गवत उलथा. एका अंगानं करपेल."

ठकूचे गुडघे कायमचे गेले होते. पेंढ्या गावच्या बायांनी बांधल्या, गंजी रचली. राज्यात पुन्हा गवत झाले, गोठे भरू लागले. राजा चंडकेतू शेजारच्या राज्यातून गाई घेऊन स्वतः दारोदार फिरला. ठकूच्या दारी येऊन त्याने मान लववली. "बाई, ही गाय घे. माझा अपराध हिने फिटत नाही."

"न्हाई फिटत," ठकू म्हणाली. "घेऊन जा."

राजा गेला. गाय मात्र हलली नाही. दूरची वाट चालून आलेली, पोट पाठीला लागलेले. ती गंजीकडे बघून हंबरली. ठकूने भिंतीकडे तोंड केले. गाय पुन्हा हंबरली.

तेव्हा ठकू हातांवर सरकत गंजीपाशी गेली. एक पेंढी ओढली, कोपराने दाबली, बंदाचे टोक काढले आणि गवत गाईपुढे पसरले. गाय खाऊ लागली. तिच्या खाण्याचा आवाज ऐकत ठकू गंजीला टेकून बसली, आणि पवळीसाठी पहिल्यांदा मोठ्याने रडली.