गुळाची पुरचुंडी

मोगऱ्याच्या मळ्यात येसू नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. तिची आई सगुणा दिवसभर कळ्या खुडायची आणि येसू धाकट्या तानूला सांभाळायची. तानू रडली, की आई फडक्यात गुळाचा खडा बांधून ती पुरचुंडी तिच्या तोंडात द्यायची. "चोख गं, माझी चिमणी!" तानू गप्प व्हायची. तिचे दुधाचे चिमुकले दात मात्र काळे पडत गेले.

एका सकाळी तानूचा गाल टम्म सुजला. अंग तव्यासारखं तापलं. दुपारपर्यंत सूज डोळ्याशी पोचली. तानू आता रडेनाशीच झाली, आणि त्याचीच येसूला जास्त भीती वाटली.

"दुधाचेच तर दात. पडतील आपोआप," आई म्हणाली. पण ती सारखी तानूचं कपाळ चाचपत होती.

येसू झुडपाआड जाऊन मुसमुसू लागली. तेवढ्यात एक कळी टप्पकन उमलली आणि आतून बोटाएवढी परी निघाली. पंख गुलाबी, निळे, सोनेरी, लुकलुक, लुकलुक!

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "एकच हं! पण आधी मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. खोटं बोललीस तर मी विझून जाईन. तानूला गूळ कोणी दिला?"

आईला शिक्षा झाली तर? "मी..." ती म्हणाली. परीचा एक पंख विझला.

"आईनं!" येसू ओरडली. "पण तिला रागावू नकोस ना गं! ती शाळेत गेली नाही. तिला कुणी सांगितलंच नाही."

"शाळेत गेलेल्या आयासुद्धा मुलांच्या तोंडात दुधाची बाटली देऊन त्यांना झोपवतात," परी पुटपुटली. "कोण ते विचारू नकोस. बोल, गाल आजच्यापुरता बरा करू?"

आजच्यापुरता! म्हणजे उद्या पुन्हा गूळ, पुन्हा सूज. पण दुसरं काही मागितलं आणि उशीर झाला तर? येसू म्हणाली, "दातांचं तुला जे कळतं, ते माझ्या आईला कळू दे."

परीनं फुंकर मारली. तिकडे सगुणाच्या ओंजळीतल्या कळ्या सांडल्या. "अगं बाई, मीच गं... माझ्याच हातांनी!" तिनं तानूला उचललं, येसूचा हात धरला आणि ती धावत सुटली. परीचा सोनेरी ठिपका पुढे पुढे उडत होता, थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत.

"वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या. किडका दात निघाला, औषध पोटात गेलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तानूनं चक्क भोकाड पसरलं. केवढं गोड रडणं ते!

आईनं तिला उराशी धरून गाणं म्हटलं. मग छोट्याशा ब्रशनं तिचे उरलेले दात हलकेच घासले आणि ती येसूकडे वळली. "आ कर."

"माझे दात कुठे दुखतायत?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

खिडकीत लख्ख उजेड फुटला, जांभळा, केशरी, रुपेरी. आणि परी त्यात विरघळून गेली.