रिकाम्या खोल्यांची ऊब

एकदा एका व्यापाऱ्याने हिमालयातील एका आश्रमाला खोल्या उबदार ठेवणारा बॉयलर दान केला. आश्रमाच्या खोल्या बारा, बॉयलर चाळीस खोल्यांचा. गरजेच्या मापाने दान केले, तर दात्याचे नाव बारीक अक्षरांत कोरावे लागते.

त्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला आणि आश्रमाचे वृद्ध स्वयंपाकी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले. "रस्ता खुला होईपर्यंत यांची खोली थंड होता कामा नये," आश्रमाच्या वैद्यांनी बजावले. बारा वर्षे त्यांच्या हातचे जेवलेल्या एका शिष्याने ती जबाबदारी अंगावर घेतली. सारी ऊब एकाच खोलीत जावी म्हणून त्याने उरलेल्या अकरा खोल्यांत गरम पाणी नेणाऱ्या नळ्यांचे कॉक घट्ट बंद केले. तिथले साधक धुरकट स्वयंपाकघरात चुलीभोवती जाऊन बसले. त्यागाचे पुण्य आणि शेक, दोन्ही एकदमच मिळाले.

पण बॉयलर पेटायचा, दोन मिनिटांत विझायचा, पुन्हा पेटायचा. ठिणगी पाडणाऱ्या दोन कांड्या अशाने जळून गेल्या. आता यंत्रात होती ती शेवटची. शिष्य इकडे ज्योत पाहायचा, तिकडे धावत जाऊन म्हाताऱ्यांचा श्वास.

गुरुजी आले. क्षणभर बॉयलरकडे कान देऊन उभे राहिले आणि एकेका रिकाम्या खोलीचा कॉक उघडत निघाले.

"अहो गुरुजी, तिथे कोणी नाही!"

"म्हणून तर वाद न होता उघडता आले."

मग त्यांनी ज्योतही कमी केली. शिष्याच्या मनात आले: साठी बुद्धी नाठी म्हणतात. गुरुजी तर ऐंशीचे.

"स्वयंपाकी आजोबांना काही झाले तर?" त्याने विचारले.

"बाळ, एवढ्या मोठ्या यंत्राला तू एका खोलीची वाट ठेवलीस. उष्णता तिथे मावत नाही. पाणी तापलेलेच माघारी येते; काम झाले असे समजून यंत्र विझते. पाणी निवले की पुन्हा पेटते. ते चालण्याने झिजत नाही, असे सारखे पेटण्याने झिजते. तुझ्या काळजीचेही तेच. सगळी एका खाटेपाशी ओतलीस. त्यांना लागेल तेवढी त्यांनी घेतली. उरलेली तापूनच तुझ्याकडे परत येते आहे."

बॉयलर संथ घुमू लागला. पाच मिनिटे झाली, अर्धा तास झाला, विझला नाही. म्हाताऱ्यांची खोली उबदारच राहिली आणि त्यांना गाढ झोप लागली.

शिष्य दाराशी घुटमळला. तीन दिवस आश्रमाच्या पोळ्या कोण लाटत होते, हा प्रश्न त्याला आत्ता प्रथमच पडला. तो स्वयंपाकघरात गेला. बोटांना चटके बसलेले एक वयस्कर साधक तव्यापुढे डोळे पुसत बसले होते.

"सरका," तो म्हणाला, आणि कणकेची परात त्याने स्वतःकडे ओढली.