पांढऱ्या पायऱ्या

फार पूर्वी, उंच डोंगरावरच्या एका नगरात, थंडीतल्या एका साध्याशा सकाळी एक मीठवाला काम आटोपून घरी परतला. ओले हातमोजे त्याने चुलीपाशी वाळत घातले, पेज तापत ठेवली आणि एक वाटी काढली. बायको गेल्यापासून तीन वर्षं तो एकच वाटी काढत असे. तेवढ्यात दूधवाली धापा टाकत दारात आली.

"लोकरवाली मावशी गेली हो," ती म्हणाली. "झऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरली. डोकं आपटलं. आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं."

मीठवाल्याने पेज खाली उतरवली. "पण पायऱ्यांवर तर मीठ होतं," दूधवाली म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं. पांढऱ्याशुभ्र होत्या."

मीठवाल्याने आपल्या सोललेल्या बोटाकडे पाहिलं. का पाहिलं, ते कळायला थोडं मागे जायला हवं.

त्या नगरात हिवाळाभर वाटांवर बर्फाचा गुळगुळीत थर धरायचा. त्यावर मीठ पडलं की थर सुटायचा आणि माणसं चालू शकायची. ते काम मीठवाल्याचं. उजाडताच तो खांद्यावर पोतं टाकून निघायचा आणि वरच्या चौकापासून खालच्या झऱ्यापर्यंत मीठ पेरत जायचा.

पण थंडी फार कडक झाली की मिठाचं काही चालत नसे. ते बर्फावर नुसतं पडून राही. अशा दिवशी राख टाकावी लागे. राखेने बर्फ वितळत नाही, पण पाय सटकत नाही. मीठवाल्याला त्याच्या वडिलांनी खूण शिकवली होती. ओला हात दाराच्या लोखंडी कडीला चिकटला, की मीठ घरी ठेवायचं आणि राख न्यायची.

नगरातल्या लोकांना मात्र राख डोळ्यांसमोर नको असे.

"अहो मीठवाले, ही काय स्मशानकळा आणलीत आमच्या दारात?" चौकातली सोनारीण ओरडायची. "घरभर काळी पावलं उमटतात. मीठ टाका बरं, चांगलं दोन मुठी जास्त. आज सासूबाई यायच्यात."

"त्या घसरू नयेत म्हणून, की आल्या वाटेने पटकन परत जाव्यात म्हणून?"

सोनारीण हसायची, पण राख झाडून त्याच्याच पायांवर लोटायची. एकदा पंचांनीही त्याला बोलावून सांगितलं, "वाट पांढरी दिसली की लोकांना बरं वाटतं. उगाच तक्रारी कशाला?" मीठवाला एकटा माणूस. रोज कुणाकुणाशी वाद घालणार? हळूहळू राखेचं पोतं दारामागे गेलं आणि तिथेच राहिलं.

लोकरवाली मावशी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला राहायची. दिवसभर लोकर कातायची, सकाळी झऱ्यावर पाण्याला जायची. मीठवाला खालून वर परतू लागला की ती खिडकी उघडायची.

"टाकलंस का रे बाबा?"

"टाकलं, मावशी."

"मग निघते. मला मेलीला आता नीट दिसत नाही, पण पांढरं तेवढं दिसतं. त्याच्यावर पाय टाकत जाते."

एवढंच बोलणं. पण त्याच्या घरात आता कुणी बोलणारं नव्हतं, आणि नगरातले बाकीचे लोक फक्त तक्रार करायला बोलायचे. त्यामुळे त्या दोन वाक्यांसाठी तो शेवटच्या पायऱ्या जरा भरभर चढत असे.

त्या सकाळी तोंड धुऊन त्याने दाराला हात घातला आणि हात कडीला चिकटला. सोडवताना बोटाचं सालटं निघालं. मीठवाला दारामागच्या राखेच्या पोत्याकडे बघत उभा राहिला. सोनारणीचा आवाज त्याला आत्ताच ऐकू येऊ लागला. पंचांपुढे पुन्हा उभं राहायचं, पुन्हा तेच समजावायचं. त्याला फार थकल्यासारखं वाटलं.

"आजचा एक दिवस," तो स्वतःशीच म्हणाला आणि मिठाचं पोतं उचललं.

वाटेत त्याने एकदा वाकून पाहिलं. मिठाचे खडे बर्फावर जसेच्या तसे पडले होते. तरी तो पेरत राहिला. चौकात सोनारणीने मान डोलावली. कुणीही तक्रार केली नाही.

परतताना मावशीची खिडकी उघडली.

"टाकलंस का रे बाबा?"

"टाकलं, मावशी," तो म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीठवाल्याने राखेचं पोतं बाहेर काढलं. पंचांना जाऊन त्याने सगळं सांगितलं, कडीचं, पोत्याचं, सगळं. शिक्षा कुणी दिली नाही. त्याला ती मिळाली असती तर बरं वाटलं असतं. पुढे थंडी कडक झाली की सोनारीणच आपल्या चुलीतली राख बादलीत भरून दाराशी ठेवू लागली. मग शेजारच्यांनीही ठेवली. त्या हिवाळ्यात आणखी कुणी पडलं नाही.

लोक म्हणाले, मीठवाला सुधारला. तो रोज काळ्या पायऱ्या चढून वर यायचा आणि बंद खिडकीपाशी क्षणभर थांबायचा. त्या दिवशी तिला एवढंच सांगायला हवं होतं, की मावशी, आज घरातच बस, पाणी मी आणून देतो. ते त्याने सांगितलं नाही.

तात्पर्य एवढंच: नुसतं दिसण्यापुरतं काम करू नये, त्याच्यावर भरवसा ठेवून कुणीतरी पाय टाकत असतं.