अपक्ष

“...मग पक्ष हवाच कशाला, गुरुजी? मला एवढंच सांगा.”

शालिक कापगतेने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा आडकू गुरुजी आपल्या घराच्या ओट्यावरून तलावाकडे पाहत राहिले होते.

गुरुजी शहाऐंशी वर्षांचे. शाळेत शिकवलं चारच वर्षं. मग नोकरी सोडून राजकारणात पडले आणि नऊ निवडणुका हरले. तालुक्यात त्यांचा पक्ष आता उरला नव्हता. ‘गुरुजी’ हे नाव तेवढं उरलं होतं.

शालिक मात्र जिंकून आला होता. पंचायत समितीवर, अपक्ष म्हणून, कपबशी या चिन्हावर. दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार त्याने पाडले होते, आणि ते त्याच्या नुसत्या बसण्यातही दिसत होतं.

“पक्ष म्हणजे काय हो? वरून आदेश सुटतात, खालचे धावतात. तिकीट एकाला, घाम दुसऱ्याचा. बावीस वर्षं पाहिलंय मी.”

“खरं आहे,” गुरुजी म्हणाले.

शालिक थबकला. त्याला वाद हवा होता.

“मी मंच काढतोय. पक्षमुक्त तालुका मंच. तुम्ही अध्यक्ष व्हा.”

“मंचात कोण?”

“चांगली माणसं.”

“त्यांचं आपसात पटलं नाही तर?”

“चांगल्या माणसांचं पटतं, गुरुजी.”

गुरुजींनी पुन्हा तलावाकडे पाहिलं. आश्विनातली उन्हं उतरत होती. पाणी घाटाच्या वरून दुसऱ्या पायरीला लागून उभं होतं.

“बावीस वर्षं पक्षात काय केलंस?”

शालिक तावातावाने सांगायला निघाला. भिंती रंगवल्या, मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या, खुर्च्या मांडल्या... पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

त्याच्या पक्षाची कचेरी तालुक्याच्या गावी होती, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, बैठक. वीस-बावीस माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची. खालून मशीनची खडखड, वर यांची. कुणाला आधी रस्ता हवा, कुणाला दवाखाना. दोन-दोन तास कुणी कुणाचं ऐकायचं नाही. आणि शेवटी खालच्या टपरीवरून चहा यायचा, तोवर काहीतरी एक ठरलेलं असायचं.

मग एका मंगळवारी नेता दुसऱ्या पक्षात गेला. दुपारी कचेरीवरची पाटी बदलली. गुरुवारी शालिक जिना चढला, तर कुलूपही नवं होतं.

“सगळ्यात जास्त कुणाशी भांडायचास?” गुरुजींनी विचारलं.

“बकाराम गहाणेशी.”

“कशावरून?”

“कशावरूनही. मी म्हटलं कालवा, की तो म्हणायचा शाळा. बावीस वर्षांत माझं एक वाक्य त्याने पुरं होऊ दिलं नाही.” शालिक किंचित हसला. “पण बैठक संपली की मला घरापर्यंत सोडायचा. त्याच्याकडे गाडी होती, माझ्याकडे नव्हती.”

“आता कुठे असतो?”

“गेला नेत्याबरोबर.” शालिक थांबला. “मागच्या बाजारात दिसला. समोरासमोर आलो. तो कांद्यांवर वाकला. मीही वाकलो. दोघंही बराच वेळ कांदेच पाहत होतो...”

“कोण आधी गेलं?”

“मी.”

शालिक गुरुजींवरच उलटला.

“तुमचंच घ्या ना. नऊ वेळा हरलात. पक्षानं तुम्हाला काय दिलं?”

“हरल्यावर बसायला जागा.”

शालिक याला उत्तर देणार होता. पण त्याला एक सकाळ आठवली.

निकालानंतरचा दुसरा दिवस होता तो. शालिक तेव्हा चोविशीचा. त्याच्या पक्षाच्या विजयाची मिरवणूक बाजारातून निघाली होती, आणि वाटेत गुरुजींच्या पक्षाची कचेरी उघडी दिसली. दार लोटलेलं नव्हतं, कुणी तोंड लपवलं नव्हतं. आत सतरंजीवर गुरुजींसह अकरा माणसं बसलेली. शालिकने दारातून मूठभर गुलाल आत फेकला होता.

गुरुजी उठून बाहेर आले. डोक्यावरचा गुलाल त्यांनी झटकलासुद्धा नाही. म्हणाले, “अभिनंदन. चिचगावचा रस्ता सहा महिन्यांत करू म्हणालात. आम्ही लिहून घेतलंय.”

सहा महिन्यांनी ते खरंच आले. तेच अकरा जण, मागे गाव. शालिकच्या नेत्याला तो रस्ता करावा लागला.

“तेव्हा तुमचा फार राग आला होता,” शालिक म्हणाला.

“माहीत आहे.”

“आणि रस्त्यामुळे नाव मात्र आमचं झालं.”

“होणारच. केला तुम्ही.”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना.” गुरुजींनी मान हलवली. “अकरा जणांत वाटून घेतलं.”

शालिक निवडून आला त्या रात्री त्याच्या दारात फटाके वाजले होते, लोक हार घालून गेले होते. सगळे पांगल्यावर तो अंगणात उभा राहिला, तेव्हा आता कुणाला विचारायचं हे त्याला कळेना. पुढं काय करायचं, आधी काय, मग काय... विचारायला कुणी नव्हतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“गुरुजी, ते अकरा जण...”

“दोघं आहेत. एक नागपुरात मुलाकडे. एक मी.”

तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून एक बाई आत आली. पारबताबाई, खालच्या शिवारातली शेतकरीण. रस्त्यावर शालिकची मोटारसायकल पाहून ती वळली होती.

“भाऊ, बरं झालं सापडले. तलावाचं दार कवा उघडता? धान पोटरीत आलं, लोंब निघतेच आता. या आठवड्यात पाणी नाही भेटलं तं सारं फोल होते.”

“होईल, बाई. सांगितलं ना.”

“सांगतलं तं खरं...”

ती ओट्यावर टेकते न टेकते तोच आणखी तिघं आले. पुढं मनिराम, तलावात मासे सोडणाऱ्या संस्थेचा प्रमुख. पारबताबाईला पाहून तो दारातच थांबला.

“भाऊ, गावात आवई उठली का दार उघडणार म्हणून. तुमी तं आमाले शब्द दिला होता. पाणी उतरलं तं उन्हाळ्यापर्यंत मासा जगत नाही. पन्नास घरं आहेत आमची.”

पारबताबाईने शालिककडे पाहिलं. मनिरामनेही पाहिलं.

शालिक गुरुजींकडे पाहू लागला.

गुरुजी उठले. भिंतीला लावलेली जुनी सतरंजी त्यांनी काढली. कुणाला मदत करू दिली नाही. अंगणात ती अंथरली, चारही कोपरे नीट केले, आणि ते बाजूला सरून बसले.

“बसा,” म्हणाले.

पारबताबाई एका टोकाला बसली, मनिराम आणि त्याची माणसं दुसऱ्या टोकाला. शालिक उभाच राहिला.

“तू पण.”

“मी कुणाच्या बाजूला बसू, गुरुजी?”

“ते मला कसं ठाऊक असणार?”

शालिकचे कान तापले. आयुष्यात शेकडो सभांत तो बोलला होता. हे बोलायला मात्र त्याला फार वेळ लागला.

“मी दोघांनाही हो म्हणालो होतो,” तो म्हणाला. “तुम्ही एकेकटे आलात. एकट्या माणसाला नाही म्हणवत नाही. चुकलं माझं.”

कुणी त्याला माफ केलं नाही. पारबताबाई म्हणाली, “म्हणजे मत आमचंही घेतलं अन् त्यायचंही.” मनिरामचा एक माणूस उठून जायला निघाला. मनिरामने त्याचा हात धरून खाली बसवलं.

आणि मग भांडण सुरू झालं.

पारबताबाईला आठ दिवस दार उघडं हवं होतं. मनिरामला एक दिवसही नको होतं. तिने तीन सालांमागचा दुष्काळ काढला, त्याने मेलेल्या माशांचा तो उन्हाळा काढला, जेव्हा वासाने गावात जेवण जाईना. जुनी उणीदुणी निघाली. शालिक मध्ये बोलायला गेला, तर दोघांनीही त्याला थांबवलं. त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

अर्ध्यात राहिलेलं ते वाक्य तोंडात घेऊन शालिक बसला. किती दिवसांत असं कुणी त्याला अडवलं नव्हतं... त्याला खाली शिंप्याच्या मशीनची खडखड ऐकू येते आहे असं वाटलं.

“तिसऱ्या पायरीच्या खाली पाणी जाऊ नये,” शेवटी मनिराम म्हणाला. “तवरक मासा जगते.”

“म्हणजे तीनच दिवस दार उघडं राहणार.” पारबताबाईने मनात हिशेब केला. “तीन दिवसांत पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचत नाही. माझ्या धानाची बांधी शेवटचीच आहे.”

शालिकने मनिरामकडे पाहिलं.

मनिराम सतरंजीचा दोरा ओढत राहिला. मग खाली मान घालूनच बोलला, “तं शेवटच्या बांध्या आधी भिजवा. वरच्यायले काय, त्यायच्यात ओल राहते.”

पारबताबाई त्याच्याकडे बघत राहिली.

“वरचे कटकट करतील,” ती म्हणाली.

“करू द्या. मी येतो सांगायले.”

“तुमी?”

“अन् पायरी मोजायले तुमी या. नाही तं उद्या म्हणाल, आमच्या वाटचं पाणी ठेवलं.”

ठरलं. कुणालाच हवं तेवढं मिळालं नव्हतं. पारबताबाईचं तोंड अजून वाकडंच होतं.

“पंचायत समितीत हे कोण मांडणार?” तिने विचारलं.

“मी मांडीन,” शालिक म्हणाला.

“अन् तुमी पुन्हा फिरले तं?”

“आमी येऊ मागं,” मनिराम म्हणाला. “ही बाई अन् मी. दोघंही संगं.”

दिवेलागणीला ती माणसं उठली. फाटकापर्यंत जाताना पारबताबाई आणि मनिराम अजून भांडतच होते, दार सकाळी उघडायचं की दुपारी. आवाज वळणाआड गेले, तरी शालिक कान देऊन उभा होता.

तो सतरंजीची घडी करायला वाकला. गुरुजींनी हातानेच नको म्हटलं.

“गुरुजी, तुमच्या त्या कचेरीत... असंच असायचं?”

“यापेक्षा वाईट.”

“आणि रोज उघडायचात?”

“रोज.”

तलावावर अंधार उतरत होता. गुरुजी अंगणातल्या त्या रिकाम्या सतरंजीकडे असे बघत होते, जणू कुणीतरी आत्ताच उठून आत पाणी प्यायला गेलं असावं.

“मंचाचं अध्यक्षपद नको तुम्हाला, कळलं मला,” शालिक म्हणाला. मग हळूच त्याने विचारलं, “पण आज इथे जे झालं, ते काय होतं, गुरुजी? त्याला काय म्हणायचं?”

गुरुजींनी सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“उद्या परत आले, तर नाव ठेवू.”